आल्विनचे सतरा होम रन

सेंट उर्बान, मिनेसोटा
सोमवार, १५ जून १९९८

चि. लिअँडर यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पाठ धरली म्हणून लिहितोस आणि खाली दोन ओळी सोडून गोल्फ खेळून आल्याचंही लिहितोस. अरिझोनात जाऊन अकरा वर्षं झाली, पण थोरल्या बहिणीपासून काही लपवणं तुला अजून जमत नाही, हे वाचून बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक. परसातला आंबट देठांचा रुबार्ब यंदा इतका आलाय की मी तो शेजाऱ्यांच्या पायरीवर ठेवून पळून येते. आल्विनच्या थडग्यावर पिओनी लावल्या होत्या, त्या फुलल्या. त्याला जाऊन सव्वादोन वर्षं झाली. सकाळी दोन कप कॉफी करायची सवय मात्र जात नाही. दुसरा कप मीच पिते आणि मग दुपारी झोप येत नाही.

गावात सध्या एकच विषय आहे, सेंट लुइसच्या बेसबॉल संघातला तो दांडगा. जूनच्या मध्याला त्याचे एकतीस होम रन झाले. मॅरिसचा एका मोसमात एकसष्ट होम रनचा विक्रम यंदा मोडणार असं डेअरीतले लोक छातीठोक सांगतात. मला मॅरिससाठी वाईट वाटतं. आपल्या शेजारच्या फार्गोत वाढलेला मुलगा. लोकांच्या लाडक्या बेब रूथचे साठ मागे टाकले म्हणून लोकांनी त्याला इतकं छळलं की त्या उन्हाळ्यात त्याचे केस गळाले. रूथला एकशे चोपन्न सामने मिळाले, याला एकशे बासष्ट, तेव्हा याच्या आकड्यापुढे चांदणीची खूण काढा म्हणायचे. माझं मत तुला ठाऊक आहे. चेंडू कुंपणापलीकडे गेला की गेला. तो पाटी वाचून जात नाही.

आता हे मत मला स्वतःच्या घरात पाळायची वेळ आली आहे. थेलनांचा कोरी तुला आठवत नसेल, तू गेलास तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आता दुधाचा ट्रक चालवतो आणि आपल्या गावच्या संघात खेळतो. काल रविवारच्या सामन्यात त्याचा दहावा होम रन झाला आणि अजून अर्धा मोसम बाकी आहे. मैदानावरच्या हॉटडॉगच्या टपरीवर ती पांढरी पाटी आहे ना, एका मोसमातले सर्वाधिक होम रन, आल्विन हिननकँप, सतरा, १९५९. तिच्यावर एकच नाव मावतं. विक्रम मोडला की नॉर्बर्ट जुन्या नावावर पांढरा रंग मारतो आणि नवं लिहितो. लीगचा चिटणीस तोच, रंगारी तोच.

स्कोअरबुक मीच लिहिते, गेली सेहेचाळीस वर्षं. तेव्हा कोरीचा प्रत्येक होम रन माझ्याच पेन्सिलीतून उतरतो आहे. तुला म्हणून सांगते, काल दहावा लिहिताना टोक मोडलं.

मार्लिसला तिच्या दम्याचं विचारलं म्हणून सांग. माया अशीच ठेव आणि गोल्फ जरा कमी कर.

तुझी,
ओटीताई


मेसा, अरिझोना
२४ जून १९९८

ती. ओटीताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मार्लिसचा दमा बरा आहे. तुझ्या रुबार्बची आठवण काढून ती उसासे टाकते, म्हणजे फुप्फुसं चांगली चालताहेत.

तुझ्या होम रनवाल्यांबद्दल लहानपणापासून माझं एकच म्हणणं आहे. तो आवाजाचा धंदा आहे. धिप्पाड माणूस, जोरात फटका, लोक उभे राहतात, झालं. चेंडू टाकणाऱ्या पिचरचं काम बघायला डोकं लागतं. पासष्ट साली मी आणि आल्विन ब्लूमिंग्टनला अजिंक्यपदाचा शेवटचा सामना बघायला गेलो होतो. पाहुण्या संघाच्या कोफॅक्सने दोनच दिवसांच्या विश्रांतीवर चेंडू टाकले. त्याचा वळणारा चेंडू त्या दिवशी पडतच नव्हता. नुसत्या वेगावर त्याने आपल्या ट्विन्सना झोपवलं. तुझा लाडका किलब्रू होताच की समोर, त्याचे आयुष्यभराचे पाचशे त्र्याहत्तर त्या दुपारी कुठे गेले होते? परतीच्या वाटेवर आल्विन सेंट क्लाउडपर्यंत रेडिओ बंद करून गाडी हाकत राहिला. मग म्हणाला की आपण हरलो खरे, पण असा हात पुन्हा बघायला मिळायचा नाही. होम रन मारणाऱ्याने हे कबूल केलं, तू अजून करत नाहीस.

आणि न्याय म्हणशील तर अडुसष्ट साली पिचर फार भारी पडायला लागले, म्हणून पुढच्या वर्षी पिचरच्या पायाखालची टेकडीच पाच इंच कापली. आता होम रन पोत्यांनी पडताहेत तर कुंपण कुणी मागे नेतंय का? बघ विचार करून.

कोरीचं वाचलं. ताई, तो धातूच्या बॅटने खेळतो. आल्विनकडे लाकडाची होती. धातूच्या बॅटने तुझ्या त्या नव्या पाद्र्यानेही दहा मारले असते. इथे मात्र चांदणी काढायलाच हवी, आणि ती नॉर्बर्टकडून काढून घेणं तुझं काम. दुसरं असं, की या मोसमापुरतं स्कोअरबुक दुसऱ्या कुणाकडे दे. नवऱ्याचा विक्रम आणि बायकोच्या हाती पेन्सिल, लोक आज हसतील, उद्या बोलतील. शिवाय तुला त्रास होईल. ते नाव टपरीवर आहे आणि दगडावर आहे, तिसरीकडे कुठेच नाही, हे मलाही कळतं.

पाठ बरी आहे. तुझा राग चार दिवसांपेक्षा जास्त नसावा ही विनंती.

तुझा,
लिअँडर


सेंट उर्बान
सोमवार, २७ जुलै १९९८

चि. लिअँडर यास,
अ. आ.

राग चारच दिवस होता. उत्तराला उशीर झाला तो हिवाळ्यासाठी बीन्स बरण्यांत भरून ठेवण्यामुळे.

स्कोअरबुक मी कुणाला दिलं नाही. देणार तरी कुणाला? नॉर्बर्टला चष्म्याशिवाय तिसरा बेस दिसत नाही आणि चष्मा तो घरी विसरतो. शिवाय मला हे काम सिस्टर बेनेडिक्टांनी दिलं आहे. आठवीत असताना त्यांनी आम्हा चार मुलींना शाळेच्या मागच्या पायरीवर बसवून शिकवलं होतं. रेडिओ खिडकीत, आणि आमच्या मांडीवर चौकटीच्या वह्या. पेन्सिल वापरायची, पण खोडायची वेळ येऊ द्यायची नाही. जे झालं ते लिहायचं, जे व्हायला हवं होतं ते नाही. आणि सामना चालू असताना तोंड उघडायचं नाही. फलंदाज चुकीच्या क्रमाने आला, कुणी बेस चुकवला, तुम्हाला दिसलं तरी तुम्ही भिंत. ते बघणं समोरच्या संघाचं काम. तिथे बसून कुणाला इशारा केलात तर ते चोरीइतकंच वाईट, असं त्या सांगायच्या. चर्चमधल्या मिस्सेत आम्ही कुजबुजलो तर त्या एक वेळ सोडून द्यायच्या, स्कोअर लिहिताना नाही.

कोरीचे सोळा झाले. एक सामना उरला आहे, पुढच्या रविवारी, एल्म कॉर्नर्सविरुद्ध. गावातल्या बायका मला दुकानात बघितलं की आवाज खाली आणतात, जसं काही घरात कुणी आजारी आहे. फादरनी परवा सांगितलं की ते कोरीसाठीही प्रार्थना करतात आणि माझ्यासाठीही, देवाने मग काय ते बघावं.

गुरुवारी कोरी स्वतः आला होता. मक्याची डझनभर कणसं घेऊन दारात उभा, टोपी हातात. मला वाटलं दुधाचं काही असेल. मग लाल होत होत म्हणाला की मिसेस हिननकँप, तुम्हाला वाईट वाटत असेल तर मी लाकडी बॅटने खेळतो. मी म्हटलं, वेडा आहेस का, आल्विनने हे ऐकलं असतं तर त्याने तुला कणसांसकट हाकललं असतं. पोराने तरी ऐकलं नाही. काल लाकडी बॅट घेऊन उतरला आणि तिन्ही वेळा चेंडूला न शिवता बाद होऊन परतला. संघातल्यांनी त्याला अशा शिव्या घातल्या की मला मैदानावरच्या माझ्या स्कोअर लिहायच्या खोलीची खिडकी लावून घ्यावी लागली. चौथ्या वेळी मुकाट्याने धातूची बॅट उचलली आणि सोळावा मारला.

तेव्हा तुझ्या चांदणीचं उत्तर हे. मी नॉर्बर्टला काही सांगणार नाही. पण एवढं लिहिते की एका सामन्यात दोन मारणं अवघड असतं, आणि हे मी रोज स्वतःला सांगते आहे. बरोबरी चालेल. बरोबरी झाली तर पहिलं नाव राहतं, तसा नियम आहे.

आमची आठवण असू द्यावी, मका तिकडे मिळत असल्यास खावा.

ओटीताई


सेंट उर्बान
सोमवार, ३ ऑगस्ट १९९८

चि. लिअँडर,
आ.

आज बातम्या काही लिहीत नाही. कालचं सांगते.

सतरावा दुसऱ्याच डावात झाला, डावीकडच्या कुंपणावरून. मी लिहिला. आठव्या डावात कोरी पुन्हा आला, बेसवर कुणी नाही, गुण बरोबरीत. एल्म कॉर्नर्सच्या पिचरने कमरेच्या उंचीवर चेंडू दिला आणि तो गेला, थेट रस्त्यापलीकडच्या मक्यात. सगळं गाव उभं राहिलं. गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. पहिल्या बेसजवळ उभा राहून धावणाऱ्याला सांगायचं काम ज्या मुलाचं, तो स्वतःच कुंपणाकडे उड्या मारत सुटला होता.

मी चेंडू बघितला नाही. सिस्टर म्हणायच्या, चेंडू सगळे बघतात, तुम्ही पाय बघा. कोरी मान वळवून कुंपणाकडे बघत धावत होता आणि पहिला बेस त्याने ओलांडला. शिवला नाही. वीतभर अंतर होतं, लिअँडर, आणि माझी खोली बरोबर त्या रेषेत आहे. पुढचे तिन्ही त्याने शिवले.

होम रन मारला तरी चारही बेसना क्रमाने पाय लावून यावं लागतं, हा नियम तुला मी सांगायला नको. दुसऱ्या संघाने पुढचा चेंडू टाकायच्या आत पंचाकडे दाद मागितली तर तो बाद, होम रन गेला. नाही मागितली तर तो होम रन, कायमचा. पहिल्या बेसच्या पंचाने एकदा बेसकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिला. त्यालाही दिसलं होतं, आणि विचारल्याशिवाय बोलायची मुभा त्यालाही नाही.

आणि एल्म कॉर्नर्सचा व्यवस्थापक नेमका माझ्या खिडकीखाली आला. वर बघून त्याने विचारलं की आमच्या पिचरचे चेंडू किती झाले. माझ्याकडे बघतच होता. मी नुसती भुवई उचलली असती, पहिल्या बेसकडे मान वळवली असती, तरी तो समजला असता. मी म्हटलं, त्र्याण्णव. तो मान हलवून निघून गेला. पिचरने पुढचा चेंडू टाकला. मग गुण झाला म्हणून मी वहीतली चौकट काळी केली आणि बाजूला अठरा लिहिलं.

गावाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. कोरी वर येऊन मिठी मारून गेला, घामाने माझा ब्लाउज ओला झाला. नॉर्बर्ट म्हणाला, मोसमाचा गोषवारा सही करून दे, म्हणजे पाटी रंगवतो. मी हो म्हटलं.

मी बरोबर केलं की नाही हे तू सांग. आल्विनला विचारता आलं असतं तर तुला विचारलं नसतं.

ओटी


मेसा
१२ ऑगस्ट १९९८

ती. ओटीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग मार्लिसला वाचून दाखवलं, मग आमचं भांडण झालं. ती म्हणते तू केलंस ते बरोबर. मी म्हणतो नियमाने बरोबर, बाकी कशाने नाही.

त्या पिचरला मी दोष देत नाही. होम रन खाल्ला की पिचर मातीकडे बघतो, फार तर चेंडू चोळतो. मीही तेच करायचो. पण त्यांचा पहिल्या बेसवाला काय झोपला होता? आणि ताई, तो मुलगा बाद होता. तू पाहिलंस, पंचाने पाहिलं. आल्विनचं नाव एका अशा होम रनने पुसलं जाणार, जो झालाच नाही.

मी तुझ्या जागी असतो तर ओरडलो असतो. सिस्टर बेनेडिक्टा माझ्यावर कधीच खूश नव्हत्या, आणखी एक कारण मिळालं असतं.

सही अजून केली नसशील तर करू नकोस. नॉर्बर्टला खरं काय ते सांग. सामना संपला, आता तू भिंत नाहीस. हे माझं मत, आणि ते आल्विनचा मेहुणा म्हणून आहे, पिचर म्हणून नाही.

जे करशील ते कळव. तुझ्यावर रागावलो तरी ते कागदापुरतंच आहे.

लिअँडर


सेंट उर्बान
गुरुवार, १० सप्टेंबर १९९८

चि. लिअँडर यास,
अ. उ. आ. वि. वि.

महिनाभर मी लिहिलं नाही. कारण सांगते, आणि ते चांगलं नाही. गोषवारा माझ्या स्वयंपाकघरात ब्रेडच्या डब्याखाली पडून होता. मी सही केली नाही आणि नॉर्बर्टला काही सांगितलंही नाही. तो विचारायला आला की मी त्याला सफरचंदाची पाई वाढायची. चार वेळा पाई खाऊन गेला बिचारा. पाटीवर सतराच राहिले.

मंगळवारी सेंट लुइसचा सामना बघायला कोरी माझ्याकडे आला होता. त्याच्या आईकडचा टीव्ही बिघडलाय. मी सॉसेज आणि आंबवलेल्या कोबीचं सावरक्राउट केलं होतं. बासष्टावा तू पाहिलासच. आयुष्यभर एवढे लांब फटके मारून विक्रमाचा तेवढा कुंपणाला घासून गेला. आणि मग त्या माणसाने काय केलं, तेही पाहिलं असशील. आनंदाच्या भरात पहिला बेस ओलांडून पुढे गेला, आणि तिथे उभ्या प्रशिक्षकाने त्याला मागे ओढलं. तो परतला, पाय टेकवला आणि मग पुढे धावला. नंतर मॅरिसच्या मुलांना जाऊन मिठी मारली. माझे डोळे भरून आले, त्यामुळे कोरीकडे माझं लक्ष नव्हतं.

त्याने काटा खाली ठेवला होता. म्हणाला की तो अठरावा त्याला सगळा आठवतो, बॅटचा आवाज, मका, हॉर्न, दुसऱ्या बेसवरची धूळसुद्धा. पण पहिला बेस पायाखाली लागल्याचं कधी आठवलं नाही, आणि आजवर ते ध्यानातही आलं नव्हतं. मग त्याने सरळ विचारलं की तुम्ही पाहिलंत का.

खेळाडूने विचारल्यावर काय करायचं हे सिस्टरनी शिकवलं नव्हतं. मी सांगितलं, पाहिलं, तू शिवला नाहीस. तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, मग मी आत्ता नॉर्बर्टकडे जातो, माझे सतरा, पाटी तशीच राहू दे. मी म्हटलं, बस. पुढचा चेंडू टाकून झाला आहे, कोरी. त्यांना तो मागून घेता येत नाही आणि तुला परतही देता येत नाही. तो हुज्जत घालायला लागला की मग तुम्ही सही का केली नाहीत. नॉर्बर्टने त्याला सांगितलं होतं म्हणे, पाईच्या गोष्टीसकट.

तेव्हा मी त्याला ते सांगितलं जे तुलाही सांगायचं होतं. मैदानावर मी गप्प राहिले तो नियम होता. त्यानंतर पाच आठवडे गप्प राहिले तो नियम नव्हता. मी वाट बघत होते, कुणीतरी येऊन माझ्यासाठी आल्विनचं नाव वाचवेल म्हणून. तुझ्या पत्राचीही मी तशीच वाट पाहिली होती, आणि ते आल्यावर मला जास्तच वाईट वाटलं. तू रागावू नकोस.

काल दुपारी ट्रक लावून तो परत आला आणि मला मैदानावर चला म्हणाला. बेस उचलून शेडमध्ये ठेवले आहेत, मोसम संपला ना. त्याने ते तिन्ही आणून जागच्या जागी लावले. मी बाकावर बसले. रबरी बूट घालून तो, फलंदाज उभा राहतो त्या घरच्या बेसवरून निघाला, पहिल्यावर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग उरलेले तीन. रस्त्यावरून डोनरमेयरांचा ट्रॅक्टर चालला होता, तो थांबून बघत राहिला. गावात आता काय बोलतील देव जाणे.

याने काही बदललं नाही, हे त्यालाही माहीत आहे. पण मी ट्रकच्या बॉनेटवर बरोबर घेतलेला गोषवारा ठेवून सही केली आणि आम्ही दोघं तसेच नॉर्बर्टकडे गेलो. कोरीने त्याला पुन्हा विनवलं की दोन्ही नावं राहू देत. पाटीवर जागा नाही, आणि एकासाठी जागा केली की सगळ्यांच्या बायका येतील, असं मी म्हटलं. नॉर्बर्ट रंगाचा एकच हात मारणार होता. मी त्याला दोन मारायला सांगितले. अर्धवट दिसणाऱ्या नावाचं कुणालाच काही करता येत नाही.

घरी येऊन कॉफी केली. एकच कप.

तुझी आठवण येते. रागावला असशील तर कागदापुरताच राहा.

ओटीताई


मेसा
१७ सप्टेंबर १९९८

ती. ओटीताईस,
सा. न. वि. वि.

पत्र कालच आलं. मार्लिसने ते माझ्या हातातून घेऊन आधी वाचलं आणि मग दिवसभर मला काही बोलू दिलं नाही, म्हणून आज लिहितो.

तू बरोबर होतीस आणि मी चुकलो, हे एकदाच लिहीन. जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. पाच आठवड्यांबद्दल मी काही म्हणत नाही. माझ्याकडे असता तर तो कागद मी पुरून टाकला असता.

त्या मुलाला माझ्याकडून सांग की एका जुन्या पिचरला तो पटला. होम रनवाल्याबद्दल असं मी आयुष्यात दुसऱ्यांदा म्हणतोय.

आता आल्विनबद्दल. नाव पुसलं म्हणून मी काल फार वेळ खिन्न होतो. मग एकोणसाठचा तो उन्हाळा आठवायला लागलो. त्याचे सतराही मी बाकावर बसून पाहिले आहेत, ताई. लोखंड वाहून न्यावं तसा धावायचा तो. चेंडू मक्यात पडून, कुणीतरी शोधून आणून परत द्यायचा, तरी हा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्येच. आम्ही ओरडायचो की अरे, जेवणं व्हायचीत. पण प्रत्येक बेसवर थांबल्यासारखा पाय ठेवायचा, सपाट, पुरा, आणि घरच्या बेसवर आला की आधी तुझ्या खिडकीकडे बघायचा, तू लिहिलंस की नाही ते. सतराही वेळा.

हे पाटीवर कधीच नव्हतं, तेव्हा नॉर्बर्टच्या रंगाखाली ते गेलेलं नाही.

ऑक्टोबरात आम्ही दोघं येतोय. तिकिटं काढली आहेत. तोवर तब्येत सांभाळ आणि धाकट्यावर मर्जी असू दे.

तुझा,
लिअँडर